चंद्रीला किती स्टार?

किस्से शेणींसारखे असतात. रोज एखादी थापायची, भिंतीला लावायची आणि विसरून जायचं. मग एक दिवस मान वर करून बघावं तर भिंत कुठं दिसतच नाही, नुसत्या शेणी. गेल्या दीड वर्षात आमच्या माळ्यावर असंच झालंय. माळा म्हणजे शिवाजी पेठेतल्या आमच्या गोठ्यावरची खोली. खाली दोन म्हशी, वर दोन पोरी. खालच्या दोघी दूध देतात, वरच्या दोघी अ‍ॅप करतात. चारा चौघींनाही वेळेवर लागतो.

वरच्यांतली एक माझी नात शुभांगी. दुसरी तिची मैत्रीण नाझनीन, गल्लीच्या तोंडाला शिलाईचं दुकान आहे त्या बशीरभाईंची मुलगी. दोघी कॉम्प्युटर शिकल्या आणि पुण्याला न जाता इथंच ठाण मांडून बसल्या. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते ते नाझनीन उतरवून घेते. मध्येच फिदीफिदी हसते, तेवढं सोडून द्या.

अ‍ॅपचं नाव चंद्री. आमच्या थोरल्या म्हशीचं नाव. म्हैस गाभण कधी राहिली, विणार कधी, लस कधी टोचायची, सगळं त्यात घालायचं. दिवस जवळ आला की फोन आपोआप बोंब मारतो. त्यातली निम्मी अक्कल माझी आहे. तसं कुठं लिहिलेलं नाही, पण म्हशीला माहीत आहे.

ही अ‍ॅपं फोनातल्या बाजारात मिळतात. मंडईत वांगं दाबून बघता येतं, ह्या बाजारात हात लावता येत नाही. म्हणून लोक स्टार बघतात. पाच स्टार म्हणजे उत्तम, एक स्टार म्हणजे टाकाऊ. आणि स्टारखाली चार ओळी लिहिल्या की त्याला रिव्ह्यू म्हणतात.

चंद्रीला पहिला रिव्ह्यू दिला माझ्या मुलानं, म्हणजे शुभाच्या बापानं. तीन स्टार.

"पप्पा, तीनच?"

"मग? ऱ्हायलेलं दोन काम बघून देतो."

दीड वर्ष झालं, अजून बघतोच आहे.

*

माझं माहेर नेसरीजवळचं. तिथल्या दूध संस्थेनं ठरवलं, की सगळ्या सभासदांनी एकच अ‍ॅप वापरायचं, आणि कुठलं ते शिमग्याच्या आत सभेत ठरवायचं. संस्थेनं चंद्री घेतलं तर पोरींचं काम जगणार. नाही घेतलं तर माळा रिकामा करून दोघींनी पुण्याची नोकरी धरायची, असं दोन्ही घरांत ठरलेलं. शुभाच्या आईनं तर बॅग काढून, पुसून दाराआड उभी करून ठेवली होती. येता-जाता पोरीचा पाय त्या बॅगेलाच लागायचा.

समोर होती एक मोठी कंपनी. नाव घेत नाही. नाव घेतलं की त्यांची जाहिरात होते, आणि जाहिरातीला त्यांच्याकडं माझ्या तोंडापेक्षा बऱ्या गोष्टी आहेत. फोनात "चंद्री" असं लिहिलं तरी आधी त्यांचंच अ‍ॅप वर यायचं. म्हणजे मी दारात उभं राहून शुभाला हाक मारावी आणि शेजारणीच्या सुनेनं "ओ" देत माझ्या घरात शिरावं.

"हे असं कसं?" मी विचारलं.

"त्यांनी जागा विकत घेतलीया, आज्जी," शुभा म्हणाली.

"आपल्या नावाच्या वरची?"

"व्हय."

बरं झालं सांगितलं. मी इतकी वर्षं समजत होते, की फक्त स्मशानातली जागा आधी धरून ठेवतात.

*

त्या कंपनीच्या अ‍ॅपला पाचाला जरासे कमी स्टार होते. रिव्ह्यू तर इतके, की शुभा रोज संध्याकाळी वाचायची तरी संपायचे नाहीत.

संध्याकाळी घर शांत असतं. मुलगा म्हशी घेऊन कट्ट्यावर गेलेला असतो. बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्याकडं संध्याकाळी चौकात म्हशी उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाचा पेला तसाच हातात देतात. धार समोर काढल्याशिवाय इथला माणूस पेल्याला हात लावत नाही. कोल्हापूर सख्ख्या भावावरही विश्वास ठेवेल, पण दुधाच्या बाबतीत नाही.

तर शुभा वाचत होती. "हे अ‍ॅप घेतल्यापासून माझी म्हैस दर तीन महिन्यांनी विते. धन्यवाद टीम."

"थांब," मी म्हटलं. "म्हैस हाय का उंदीर?"

म्हशीला दहा महिने दहा दिवस लागतात. हे माझ्या आईच्या वेळेलाही तेवढेच लागायचे.

पुढचा म्हणाला, "मी तीन वर्षांपासून हेच अ‍ॅप वापरतो." अ‍ॅप बाजारात येऊन चार महिने झालेले. भक्ती अशी पाहिजे, देव जन्मायच्या आधीपासून.

मग शुभानं एका दत्तात्रयचा रिव्ह्यू वाचला. "माझ्या मिस्टरांना आधी विश्वास बसला नाही, पण आता तेही वापरतात."

मी भाकरी थापायची थांबले. "हे मंगळवारी सुनीता म्हणाल्ती. त्याच्या आधी कोण कविता म्हणाल्ती. असंच्या असं."

नाझनीननं फोन वर-खाली केला. मंगळवारची सुनीता सापडली, कविता सापडली, शिवाय अजून सहा जणी सापडल्या. सगळ्यांच्या मिस्टरांना आधी विश्वास बसला नव्हता. लिहिता येणाऱ्यांची आठवण कागदात असते, माझी कानात आहे. जात्यावर दुसरीची ओवी कुणी आपली म्हणून म्हटली, तर आम्ही बायका दळण थांबवून तिला विचारायचो.

पोरींनी बाजारवाल्यांकडं तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं. आम्ही तपासलं, काही गैर आढळलं नाही, सहकार्याबद्दल आभार.

दत्तात्रयच्या मिस्टरांनाही आता विश्वास बसला असेल.

*

चंद्रीचं डावं शिंग मोडकं आहे. दिवाळी पाडव्याला म्हशी नटवून मिरवतात, त्यांची स्पर्धा लावतात. चार वर्षांपूर्वी त्या गर्दीत ती एका टेम्पोवर धडकली. टेम्पोचा दिवा गेला, हिचं शिंग गेलं. तशीच रक्ताळलेली पुढं गेली आणि पहिला नंबर घेऊन, पटका बांधून घरी आली. म्हणून अ‍ॅपवर फोटो तिचाच.

एक दिवस नाझनीन धावत जिना उतरली. त्या कंपनीच्या अ‍ॅपवर नवीन फोटो आला होता. पाठीमागं हिरवंगार कुरण, उगवता सूर्य आणि पुढं म्हैस. उजवं शिंग मोडलेली.

"आज्जी, ही आपली वाटती, पण शिंग दुसरं हाय."

मी फोन नाकाशी धरला. शिंग उलट्या बाजूला गेलं होतं, पण नजर तीच. आमच्या चंद्रीची नजर सासूची आहे, ती कुरणात नेऊन बसवली तरी बदलत नाही. शुभानं फोटो आरशात धरला आणि शिंग घरी परत आलं.

पुन्हा तक्रार. ह्या वेळी लवकर उत्तर आलं. म्हैस तुमची असल्याची मालकीची कागदपत्रं जोडा.

"म्हशीचा सातबारा असतोय व्हय?" मी विचारलं.

मुलानं चंद्रीच्या कानातल्या सरकारी बिल्ल्याचा फोटो काढून दिला. पोरींनी तो पाठवला. तिकडून कळवलं, की बिल्ल्यावरचा नंबर स्पष्ट आहे, परंतु तक्रारीतल्या फोटोत म्हशीच्या कानात बिल्ला दिसत नाही. त्यांनी बिल्ला पुसून टाकला होता, तो दिसणार कसा? चोरानं घराची पाटी काढून नेली, तर घर त्याचं.

*

मग एका दुपारी शुभाच्या फोनवर फोन आला. पोरी वर कामात, म्हणून मी उचलला. बाई नाही, बाप्या. फार गोड.

"मॅडम, तुमच्या अ‍ॅपला रिव्ह्यू पाहिजेत का? शंभराच्या गठ्ठ्यानं देतो. पाहिजे त्या जिल्ह्याचे, पाहिजे त्या आडनावाचे."

"पावणं, तुमच्याकडं म्हशी किती?"

"म्हशी नाहीत, आजी. आम्ही फक्त लिहितो."

"मग धार कोण काढतंय?"

त्याला कळलं नाही. तो आपला भाव सांगत सुटला. म्हणाला, पाच स्टारवाले वेगळे, एक स्टारवाले वेगळे.

"एक स्टारवालं कुणाला घालायचं?"

"समोरच्या पार्टीला. तुम्ही म्हणाल त्याला. आता तुमच्या अ‍ॅपला मागच्या महिन्यात जे वीस एक-एक स्टार पडले ना, ते आमचेच होते. कामाची क्वालिटी बघा."

मी म्हटलं, "म्हंजे कुस्ती लावणार तुमी, लढणार तुमी, पंच बी तुमीच. मग आमी कशाला तिकीट काढून बसायचं?"

तो म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी डिस्काउंट आहे."

*

आता माझी स्वतःची अक्कल सांगते. दुसऱ्याचं एवढं सांगितल्यावर आपलं झाकून ठेवणं बरं दिसत नाही.

मला वाटलं, त्यांचे खोटे, तर आपण खरे आणू. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडंच होतं. सत्तावीस बायका आल्या. मी नाझनीनला सांगितलं, सगळ्यांच्या फोनला माळ्यावरचं वायफाय जोडून दे. आणि दारात बसून एकेकीला म्हणत राहिले, "हळदीकुंकू लावा, तिळगूळ घ्या, पाच स्टार द्या आन् मग वाण उचला."

समोरच्या अक्काताईंनी पहिला रिव्ह्यू लिहिला. "आमच्या शुभाचं अ‍ॅप आहे, चांगलंच असणार." मागचीनं विचारलं, "तू काय लिवलंस?" आणि तेच लिहिलं. तिच्या मागचीनंही तेच. एकीनं मात्र डोकं चालवून स्वतःचं लिहिलं. "तिळाच्या वड्या खुसखुशीत झाल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तावीसच्या सत्तावीस रिव्ह्यू गायब. वर बाजारवाल्यांचं पत्र. एकाच घरातून, एकाच संध्याकाळी, एकसारखे खोटे रिव्ह्यू आलेले आढळले. पुन्हा असं झालं तर अ‍ॅप बाजारातून काढून टाकू.

दत्तात्रयचे मिस्टर चालतात. अक्काताई खोट्या. ज्या अक्काताईंचा आवाज रंकाळ्यापर्यंत ऐकू जातो त्या. मी दिवसभर धुसफुसत होते.

संध्याकाळी नाझनीन हळूच म्हणाली, "आज्जी, रागावू नकोस. पर त्या सत्तावीस जणींतल्या एकीकडं तरी म्हैस हाय का?"

मी वाटीतला तिळगूळ उचलून तोंडात टाकला. तोंड बंद ठेवायला जवळ दुसरं काही नव्हतं.

*

त्या पत्राची पोरींनी अशी धास्ती घेतली, की स्टार हा शब्दच तोंडातून काढेनात. दर रविवारी एसटीनं माझ्या माहेरी जायच्या, गोठ्यागोठ्यात बसून अ‍ॅप शिकवायच्या. निघताना एवढंच म्हणायच्या, "स्टार तुमच्या मनाला येईल तेवढं द्या, आमी काय सांगणार न्हाय."

जेवायला असायच्या माझ्या चुलतभावाकडं, रामूतात्याकडं. तात्याच्या सात म्हशी. त्याची एक म्हैस विणार, हे चंद्री अ‍ॅपनं वेळेवर सांगितलं, नाहीतर रेडकू हातचं गेलं असतं. तेव्हापासून तो पोरींच्या ताटात तूप वाढताना चमचा वापरत नसे.

आणि एका सोमवारी बघतो तर काय, चंद्रीला एक स्टार. लगेच दुसरा. आठवड्यात चाळीसभर पडले. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही, नुसता एक-एक स्टार. आणि ह्या वेळी नावं अनोळखी नव्हती. ज्यांच्या गोठ्यात पोरी बसल्या होत्या, तीच माणसं. सगळ्यांत पहिलं नाव रामूतात्याचं.

शुभानं तिथल्या तिथं फोन लावला.

"तात्या, चंद्रीला एक स्टार तुमी दिलाय?"

"व्हय की, मीच," तात्याचा आवाज फोनाबाहेर येत होता. "सूनंला द्याला लावला, शेजारच्यास्नी द्याला लावला. आख्खी गल्ली फिरलो. एकाला बी सोडलं न्हाय बघ."

शुभानं फोन ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही. रात्री बघितलं तर दाराआडची बॅग तिनं स्वतः उघडली होती आणि कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आज्जी, तुझं माहेर," एवढंच म्हणाली.

रामूतात्या लहानपणी माझ्या वाटणीची कैरी चोरायचा. पण विचारलं की सरळ नाही म्हणायचा. चोरी करून इतक्या अभिमानानं कबूल करणारा तात्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

*

सभेला पोरी जायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, "बॅग भरायची ती भरा. पर आधी माझ्या माहेराला तोंड दाखवून या. त्यांनी काय केलंय ते त्यांच्या तोंडानं ऐकू दे मला." आणि मीही एसटीत बसले.

संस्थेच्या हॉलमध्ये शिरले तर सगळं लालेलाल. कंपनीचा माणूस आदल्या दिवसापासून गावात होता. फोनवर त्यांच्या अ‍ॅपला पाच स्टार दाबून दाखवले, की एक लाल बादली फुकट. निम्मा हॉल बादल्या मांडीवर घेऊन बसला होता. उरलेले बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. रामूतात्या पहिल्या रांगेत, दोन पायांच्या मध्ये त्याचीही एक बादली. माझ्याकडं बघून हात केला. मी पदर सारखा केला.

कंपनीचा माणूस बोलायला उभा राहिला. कडक इस्त्री, गळ्यात पट्टा. त्यानं भिंतीवर दोन्ही अ‍ॅपचे स्टार मोठे करून दाखवले. त्यांचे भरगच्च, चंद्रीचा एक आणि जरासा चुरा.

"चेअरमनसाहेब, बाहेरच्या जगाचं मी सांगतच नाही. तुमच्या स्वतःच्या गावाचं बघा. गावानं आम्हाला दिले पाच, ह्यांना दिला एक. निकाल गावानंच दिलाय. मी काय बोलणार?"

चेअरमन, पांढऱ्या टोपीतला शांत माणूस, शुभाकडं वळले. "पोरी, तुझं काय म्हणणं?"

शुभा उभी राहिली. "काय न्हाय," म्हणाली आणि खाली बसली. नाझनीननं तिचा हात धरला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून रामूतात्या उठला.

"चेअरमन, गावानं निकाल दिलाय, पावण्यांनी वाचूनबी दावला. मग अजून समद्यास्नी बसवून कशाला ठेवलंय? धारंची येळ झाली."

कंपनीचा माणूस खूश झाला. "बघा, काका काय म्हणतात. आमचंच घ्या म्हणतात."

"तुमचं?" तात्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पावणं, पाडव्याला म्हशींची स्पर्धा लावत्यात, तवा पयल्या म्हशीला कितवा नंबर देत्यात?"

"पहिला."

"म्हंजे किती?"

"एक."

"मग? आमी आख्ख्या गावानं चंद्रीला एक दिलाय. एकानं बी दोन दिला आसंल तर दाखवा."

हॉलमध्ये सगळ्या टोप्या हलल्या.

"अहो काका, पण आम्हाला तर पाच दिलेत तुम्ही," तो माणूस म्हणाला.

"ते तुमी बादली दिली म्हणून," तात्या म्हणाला. "न्हायतर दहावाच देणार हुतो. पर तुमच्या फोनात पाचाच्या खाली जागाच न्हाय."

चेअरमननी खूण करून भिंतीवरचे स्टार बंद करायला लावले. मग म्हणाले, "चंद्री ज्यांना पायजे, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. निम्म्या हातांत लाल बादल्या होत्या.